नाझ्मीकाकांचं ‘पा’

आमच्या बँडमध्ये मोठा भोंगा ‘उम्’ म्हणतो आणि त्याच्या पाठोपाठ माझे नाझ्मीकाका ‘पा’ म्हणतात. उम्-पा, उम्-पा. लग्न असो, कुणाचा मुलगा फौजेत निघालेला असो, नाहीतर कुणाला मातीत ठेवायचं असो, काकांचं काम तेवढंच. पुढे माझे बाबा, दुर्मिश, ट्रम्पेटवर आकाशपाताळ एक करतात. बायका रडतात, पुरुष ग्लास फोडतात, पाहुणे नोटा थुंकीने ओल्या करून बाबांच्या कपाळावर चिकटवतात. मागे उभ्या असलेल्या ‘पा’च्या कपाळावर आजवर कुणी नोट चिकटवलेली नाही. तिथे नुसता घाम असतो.

सर्बांच्या देशातल्या व्रान्ये गावात, आमच्या मोहल्ल्यात मला पोपट म्हणतात, कारण मी सगळ्यांच्या नकला करते. बाबा सोपे आहेत. छाती पुढे, आणि दुकानात ब्रेड मागतानासुद्धा वाक्याचं शेवटचं टोक वर चढवायचं. झुम्राकाकू त्याहून सोपी. आधी सुस्कारा, मग तक्रार, मग पुन्हा सुस्कारा. काका मात्र किती दिवस हाती लागेनात. त्यांच्यात उचलण्यासारखं काही दिसेचना.

मग एकदा जेवताना सापडलं. काकू म्हणाली, “मीठ द्या.” सगळे आपापल्या ताटात परतले, आणि तेव्हा कुठे काकांचा हात मिठाकडे गेला. बाबांनी विनोद सांगितला, सगळे हसले, हसून थांबले, आणि मग काका म्हणाले, “हं.” जन्मभर ठोक्यानंतर आलेला माणूस घरातसुद्धा ठोक्यानंतरच येतो. मी ती नक्कल करून दाखवली तेव्हा काकूच्या डोळ्यांतून पाणी आलं. काकाही हसले. सगळ्यांचं झाल्यावर.

खरं तर काका थोरले. पण ओठ होते बाबांचे, म्हणून आजोबांनी ट्रम्पेट धाकट्याला दिलं, थोरल्याच्या हाती हॉर्न ठेवला आणि धाकट्याला बजावलं, “जाशील तिथे याला घेऊन जा. मागे ठेवू नकोस.” बाबांनी ते असं धरलं की काकांना ताप असला तरी ते त्यांना गाडीत घालून नेतात.

यंदा वसंतात माझा भाऊ एर्जान ऑस्ट्रियाहून लॅपटॉप आणि बटणांची एक काळी पाटी घेऊन आला. त्याचा हिशेब सरळ होता. सर्बांच्या गावात त्यांचा कोलो नाच वाजवायचा, आपल्या गल्लीत आपला चोचेक, आणि परदेशात दोन्ही एकत्र कालवून खाली मशीनचं धाडधाड सोडायचं. तिकडची पोरं त्यावर जागच्या जागी उड्या मारतात. अख्ख्या उन्हाळ्याचं बोलावणं आलं होतं, रोज नवं गाव, रात्र व्हॅनमध्ये.

“बाबा,” एर्जान जेवताना हळूच म्हणाला, “‘पा’ मशीनवरही होतं. काकांचे पाय सुजतात. म्हटलं, या खेपेला त्यांना...”

बाबांनी चमचा खाली ठेवला. “माझ्या भावाच्या जागी डबा ठेवणार?”

“डबा नाही, बाबा. सॅम्पलर.”

“डब्याला नाव ठेवलं म्हणून तो माझा भाऊ होत नाही. मी जिवंत आहे तोवर नाझ्मीदादा माझ्या मागे उभा राहणार. मी मेलो तर माझ्या शवपेटीमागेही तोच वाजवणार.”

काकूने डोळ्यांना डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावलं. भोंगेवाला बायराम उठून बाबांना मिठी मारायला गेला. सगळे काकांकडे कौतुकाने बघत होते. मी पण बघत होते, पण मला त्यांचा चेहरा उचलायचा होता म्हणून. ठोका गेला. मग काका स्वतःच्या बुटांकडे बघून म्हणाले, “बरं.”

फाशी सुनावलेला माणूस म्हणेल तसं.

संध्याकाळी अंगणात मी त्यांच्यापुढे गरम पाण्याचं घमेलं ठेवलं. त्यांनी पाय आत सोडले. बुटांच्या शिवणीचे वळ घोट्यापर्यंत उमटले होते.

“काका, तुम्हाला जायचं नाहीये ना?”

त्यांनी अंगणभर नजर फिरवली. “मागच्या वर्षी हॉलंडमध्ये मला झोप लागली होती.”

“हॉटेलात?”

“स्टेजवर. अख्खं गाणं झोपेत वाजवलं. जाग आली तेव्हा टाळ्या चालू होत्या. तुझा बाप येऊन म्हणतो, दादा, आज काय पेटला होतास.”

मी हसायला लागले. ते हसले नाहीत, नंतरही नाही, म्हणून मी थांबले.

“मला बान्याला जायचंय, गरम झऱ्यांवर,” ते म्हणाले. “माझा तो दोस्त मिलोराद रोज जातो. रेल्वेतून रिटायर झाला, आता सकाळी झऱ्याच्या पाण्यात मानेपर्यंत बसतो. बाहेर येतो, डॉमिनो खेळतो, परत पाण्यात.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग बाबांना सांगा की.”

“काय सांगू? बाप गेल्यापासून मला खांद्यावर घेऊन चाललाय तो. त्याला वाटतं, मला तिथं बरं वाटतं. आता कसं सांगू की बाबा रे, खाली ठेव?”

त्या रात्री मी हे सगळं बायरामला काकांच्या आवाजात करून दाखवलं. दोन दिवसांनी काका स्वतःच एर्जानच्या खोलीत गेले, हॉर्न काखेत घेऊन. मी दाराशी. काका म्हणाले, “तुझ्या त्या डब्यात माझं ‘पा’ बसेल का? दुसऱ्या कुणाचं नको. ते दुर्मिश लगेच ओळखेल.”

एर्जानने खिडकीवर गोधड्या टांगल्या, कारण शेजारचा कोंबडा प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये घुसत होता. मग काकांनी दुपारभर ‘पा’ दिलं. नाचाचं जाडं. सर्बांच्या कोलोचं आखडलेलं. नवरी बापाचं घर सोडते तेव्हाचं, जे जरा रेंगाळतं. बाबा दारू प्यायल्यावर पुढे पळतात, तेव्हा त्यांना मागून खेचणारं. मी आयुष्यभर ‘पा’ एकच समजत होते.

“आणि हे दमलेलं,” शेवटी काका म्हणाले. “लग्नाच्या तिसऱ्या दिवशी लागतं. हेही घेऊन ठेव.”

एर्जानने ते परत परत ऐकलं. “काका, सगळ्यात चांगलं हेच आहे.”

“असेल,” काका म्हणाले. “सवय आहे.”

निघण्याआधीची तालीम आमच्या अंगणात झाली. बाबा नेहमीसारखे पुढे, बँडकडे पाठ करून, डोळे मिटून. त्यांनी काकांना वाजवताना कधी बघितलेलंच नाही, नुसतं ऐकलंय. बायरामने ‘उम्’ म्हटलं आणि मागून ‘पा’ आलं. बाबांनी चोचेक उचलला, तो कोलोत ओतला, खालून एर्जानचं धाडधाड, आणि भिंतीपलीकडची शेजारीण टोपलीतल्या मिरच्या सोडून नाचायला लागली. बाबा नेहमीसारखे पुढे पळाले. ‘पा’ने त्यांना मागे खेचलं.

गाणं संपलं. बाबा डोळे न उघडताच म्हणाले, “ऐकलंस, एर्जान? डबा असं करेल? अरे, हे माझ्या भावाचं...”

आणि वळले.

काका भिंतीशी उलट्या क्रेटवर बसले होते. हॉर्न खिळ्याला. पाय घमेल्यात. एर्जानची बोटं अजून काळ्या पाटीवर होती, आणि तो ती लपवावीत की नाही या विचारात दिसत होता.

बाबांनी ट्रम्पेटमधली थुंकी झटकली. ती आधीच झटकून झाली होती, तरी पुन्हा झटकली.

“दादा, हे तू दिलंस त्याला?”

“दिलं.”

“मी तुला कधी मागे ठेवलं का?”

“नाही रे.”

“कुणी काही बोललं तुला? या पोरट्याने?”

“नाही.”

“मग पायांचं काय ते बघू. खुर्ची देतो. स्टेजवर खुर्ची लावू, व्हॅनमध्ये पुढची सीट तुझी, बायराम मागे बसेल. मग तर येशील ना तू माझ्याबरो...”

“नाही,” काका म्हणाले.

बाबांचं वाक्य पुरं व्हायच्या आधी. माझ्या जन्मात पहिल्यांदा काका ठोक्याआधी आले. बायरामसुद्धा चमकून भोंग्यामागून डोकावला.

बाबा तसेच उभे राहिले. त्यांची छाती हळूहळू खाली गेली, आणि मला दिसलं की तेही दमलेत. ट्रम्पेटच्या तोंडाने ओठावर पडलेला गोल आता दिवसभर जात नाही. पण त्यांना खाली ठेवणारं कुणी नव्हतं.

“मानेपर्यंत बसायचं म्हणजे नेमकं कुठे?” त्यांनी विचारलं. म्हणजे मी बायरामला सांगितलेलं त्यांच्यापर्यंत कधीच पोचलं होतं, आणि ते वाट बघत होते, काका स्वतः बोलतील म्हणून.

“बान्याला. मिलोराद आहे ना.”

“तो डॉमिनोत लबाडी करतो.”

“ठाऊक आहे.”

बाबांनी पाठ फिरवली. “पहिल्यापासून,” ते बँडला म्हणाले. यावेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

झुम्राकाकू उंबऱ्यात आली, एप्रनला हात पुसत. आधी सुस्कारा. “म्हणजे अख्खा उन्हाळा हे घरात? मला कुणी विचारलं का?” पुन्हा सुस्कारा.

बँड सुरू झाला होता. उम्-पा, उम्-पा. काका घमेल्यात बोटं हलवत होते. काकू उत्तराची वाट बघून आत वळली, तेव्हा ते म्हणाले, “थोडं गरम पाणी आहे का अजून?”