शेवटच्या बांधीचं पाणी

१९८४ साली चंद्रपूरच्या कॉलेजात मला आणि भैयाजीला तत्त्वज्ञानाने झपाटलं होतं. विद्यार्थ्यांच्या एका स्पर्धेसाठी आम्ही छोटी फिल्म काढायला निघालो. विषय काय, तर रोजच्या कामातून माणसाला जगण्याचं काय कळतं. चावी द्यायचा कॅमेरा उसना आणला होता, कच्ची फिल्म जेमतेम बारा मिनिटांची होती आणि आवाजासाठी भैयाजीच्या मामाचा टेपरेकॉर्डर. उंटावरचे शहाणे होतो आम्ही, पण हे मला आज कळतं.

नागभीडपासून दोन कोसांवरच्या एका गावात आम्हाला झिंगूजी सापडले. साठीतला ढिवर, म्हणजे मासेमार समाजातला माणूस, बोलायला एकदम कमी. गावतलावाचं पाणी धानाला सोडायचं काम त्यांच्या घरात आज्यापासून चालत आलेलं. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बंधाऱ्याखाली, पाणी सोडायचं भोक असतं, त्याला तिकडे तुडूम म्हणतात. त्यात लाकडी बूच ठोकलेलं असतं. बूच काढलं की पाणी पाटाने बांध्यांकडे, म्हणजे धानाच्या वाफ्यांकडे धावतं.

गावचा रिवाज असा की पाणी आधी सगळ्यात लांबच्या बांधीला. म्हणून तलाव सोडायच्या दिवशी झिंगूजी सकाळीच पाटाने चालत जायचे आणि वाटेतल्या प्रत्येक बांधीचं तोंड स्वतःच्या हाताने चिखल लावून बंद करायचे. मग परत येऊन तुडूम उघडायचे. शेवटची बांधी भरली की एकेक तोंड मोकळं करत मागे यायचं. समोर पाटील उभा राहिला तरी हा क्रम मोडायचा नाही. असं का, हे मी टेप चालू करून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जवळचा तं आपलं पाहूनच घेते. लांबच्याचं कोन पाहीन?" मी मनातल्या मनात उडी मारली. फिल्म तिथेच झाली असं मला वाटलं.

त्या वर्षी पाऊस लवकर गेला. तलावात एकाच वेळेपुरतं पाणी उरलं होतं आणि धान दाण्यावर आलेलं. सगळ्यात शेवटची बांधी सोमारीबाईची. नवरा गेलेला, आणि ती एकच बांधी.

तलाव सोडायच्या दिवशी सकाळपासूनचं सगळं काम आमच्या कॅमेऱ्यासमोर करायचं ठरलं होतं, पण आमची बस चुकली. झिंगूजी मात्र दिलेल्या शब्दाला जागून पाटावर न जाता आमची वाट पाहत बसलेले. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मी म्हणालो, आधी तुडूम उघडा, दोन मिनिटांत चित्र घेतो, परत बंद करा, मग उद्या सकाळी तुमच्या रीतीने होऊ द्या. तोंडं सगळी उघडी हायेत, एवढंच ते म्हणाले. पण मी लकडा लावला, आणि पाहुण्याला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी बूच काढलं. नेमकी भैयाजीने कॅमेऱ्याला चावी दिलेली नव्हती. मी पुन्हा करायला लावलं. वाहत्या पाण्यात ते जुनं बूच त्यांनी ठोकून बसवलं, परत उपसलं, आणि ते उभं चिरलं.

झिंगूजी पाण्यात उतरले. तणीस, चिखल, अंगावरचं धोतर, हाताला येईल ते भोकात कोंबत ते आमच्याकडे पाहून ओरडले, "बाबू, पाटाकडं पळा! तोंडं बुजवा!"

आम्ही पळालो नाही. भैयाजी कॅमेरा ठेवायला निघाला होता; मीच त्याला म्हणालो, चालू ठेव. असं दृश्य पुन्हा मिळणार नव्हतं.

गावातली माणसं धावून येईपर्यंत पाणी जवळच्या बांध्यांत शिरलं होतं. भेगाळलेल्या जमिनीने ते पिऊन टाकलं. सोमारीबाईची बांधी कोरडी राहिली आणि तिचं धान पोचट निघालं. तिने झिंगूजींना एका शब्दाने विचारलं नाही. गावानेही नाही. हेच त्यांना जास्त लागलं असणार. त्यांनी घरचं धान डोक्यावरून तिच्या अंगणात नेऊन टाकलं आणि तुडुमाचं काम पुतण्याकडे देऊन मोकळे झाले. त्यानंतर ते पाळीवर चढले नाहीत.

हे सगळं मला माघात कळलं, फिल्म दाखवायला गेलो तेव्हा. शाळेच्या भिंतीवर चादर लावली होती. आपली माणसं पडद्यावर पाहून लोक हसले, टाळ्या पडल्या. मग टेपवरचं झिंगूजींचं ते लांबच्याचं वाक्य आलं. ते उठून बाहेर गेले. मी मागे गेलो. मला रागवा म्हणालो, निदान शिवी तरी द्या.

"तुले काऊन रागवू? बूच मी काढलो," ते म्हणाले. मग म्हणाले, "बाबू, त्याच्यातलं माहं बोलनं तेवढं काढून टाक. असं बोलाचा मले आता हक नाई."

मी हो म्हणालो.

ते वाक्य काढलं असतं तर फिल्ममध्ये काय उरत होतं? मी काढलं नाही. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं आणि परीक्षकांनी नेमकं तेच वाक्य वाखाणलं. गावात मी हे कळवलं नाही. दोन वर्षांनी झिंगूजी गेले. तोपर्यंत ते सोमारीबाईला सांगत असत म्हणे, की पोरगा चांगला होता, सांगितल्याबरोबर माझं बोलणं काढलं त्याने.