चंदेरी कागदातली काठी

माझ्या आत्याला अख्खी गल्ली ‘करकचून’ म्हणते. आमच्या घराच्या मागे दोन खोल्या आहेत. एकीत बाबा स्नूकरच्या काठ्या बनवतात, दुसरीत आत्या त्या परदेशी पाठवायला बांधते. बांधते म्हणजे अशी, की उघडणाऱ्याच्या नाकी नऊ यावेत.

तिचा कुणावर म्हणून विश्वास नाही. कुरिअरवाला वर्षानुवर्षं तोच, तरी दर खेपेला त्याचं ओळखपत्र बघणार. दूधवाला हसून बोलला तर म्हणणार, “आज पाणी जास्त घातलंय मेल्यानं.” सख्ख्या भावालाही सूट नाही. काठी तयार झाली की बाबा ती सपाट टेबलावर ठेवून अलगद ढकलतात. सरळ असेल तर गुमान घरंगळते, वाकडी असेल तर उड्या मारते. बाबा म्हणतात, “सरळ आहे.” की लगेच आत्या, “सरक, बघू दे मला.” आणि बाबा हसून बाजूला होतात.

बाबांचा हात थरथरायला लागलाय हेही आधी तिनेच ताडलं. “कप दोन्ही हातांनी का धरतोस रे दादा?”

“गरम आहे म्हणून.”

“मग खाली ठेव ना.”

ठेवताना बशी खडखडली.

तर ही त्यांची शेवटची काठी. परदेशातल्या एका जुन्याजाणत्या खेळाडूने मागवलेली, चांगली महागडी. हात साथ देईल तेवढंच काम करायचं, मग थांबायचं, असं करत बाबांनी ती पुरी केली. तोल साधायला जाड टोकाच्या पोटात शिशाचा तुकडा बसवला आणि वरून लाकूड असं बेमालूम लावलं की सांधा शोधून सापडू नये. “ही त्याच्या हातात धड पोचली की मी पटाशी खाली ठेवायला मोकळा,” म्हणाले. दुसरं काही नको होतं त्यांना.

कस्टमचं काम बघणारा एजंट घरी आला. चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, “मावशी, किंमत खरी लिहा, आत शिसं आहे तेही लिहा. वरून पारदर्शक प्लास्टिक लावा. कस्टमवाल्यांना जे दिसत नाही, तेच ते उकरून बघतात.”

त्याची पाठ वळायचा अवकाश! “याला काठी एवढी उघडी का हवीय गं?” आत्या म्हणाली. “चांगली दिसली की तिकडे बदलून टाकतील. हाही सामील असणार.” किंमत तिने खरी लिहिली, पण शिशाचं नाव काढू देईना. आपली करामत त्यांना कशाला सांगायची, उद्या नक्कल करतील! मग दडवून ठेवलेली चंदेरी फॉइल काढली आणि काठीला थरावर थर गुंडाळले. दमट हवा लागायला नको, आणि मुख्य म्हणजे यंत्रातूनसुद्धा कुणाला आतलं कळायला नको. मी भांडले. घसा बसेपर्यंत भांडले. पण त्या खोलीत बाबांचंही चालत नाही, तिथे मला कोण विचारतो?

“आता बघा म्हणावं काय बघायचंय ते!” शेवटची चिकटपट्टी दाबत आत्या म्हणाली.

त्यांनी बघितलंच. यंत्रात धातूचे थरच थर दिसले, आतलं धड कळेना, म्हणून फॉइल टराटरा फाडली. नुसती काठी यंत्रात घातली तर जाड टोकात एक काळा ठोकळा. कागदावर मात्र ‘लाकडी काठी’. त्यांनी त्या खेळाडूला विचारलं, आत काय आहे? त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! मग त्यांनी ड्रिल लावून आरपार भोक पाडलं.

खेळाडूचा निरोप माझ्या फोनवर आला. मी वाचून दाखवला: ‘माझ्या नावावर तुम्ही काय लपवून पाठवत होता? मला तुमची काठी नको.’

“परत वाच,” बाबा म्हणाले.

वाचला.

“लपवून?” एवढंच बोलले. ज्या माणसाने जन्मात एक वाकडी काठी कुणाच्या गळ्यात मारली नाही, त्याला हे ऐकावं लागलं. मी त्या खेळाडूला सगळं समजावून लिहिलं, फोटो पाठवले. उत्तर नाही. आत्याचा मला असा संताप आला होता की तिच्या हातचं पाणीही नको वाटे.

काठी परत आली. कुरिअरवाल्याने सवयीने ओळखपत्र पुढे केलं, तर आत्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. बाबांनी भोकावरून अंगठा फिरवला. “पाडणाऱ्याचा हात चांगला आहे हं,” म्हणाले. मग काठी टेबलावर ठेवली आणि ढकलली. घरंगळून थांबली तरी ते तिच्याकडेच बघत राहिले.

आत्या दाराशी उभी होती. पुढे आली नाही.

“ये, बघ ना,” बाबा म्हणाले.

“तू बघितलंस ना दादा. बास की.”

“नाही गं, तूच बघ. माझा आता माझ्यावरच भरवसा राहिला नाही.”

आत्याने हात पुसले, काठी ठेवली, सोडली. टेबलाच्या कडेपर्यंत ती सरळ गेली, मीही बघितलं.

“सरळ आहे रे,” आत्या म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

“नक्की ना?” बाबांनी विचारलं.