भोंगा सरांचा फळा

विद्यार्थी पाठीमागे आपल्याला भोंगा सर म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं. स्थापत्य अभियांत्रिकीचा त्यांचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातल्या मॅडम मुकाट्याने दार लावून घ्यायच्या. निवृत्तीनंतरही विद्यापीठाने त्यांना कराराने ठेवून घेतलं होतं. मग घशाच्या कर्करोगाने नेमका तो आवाज नेला. शस्त्रक्रियेनंतर गळ्याला भोक उरलं आणि बोलणं कायमचं संपलं. विभागप्रमुखांनी आडून आडून विश्रांतीचं सुचवलं, तेव्हा सरांनी कागदावर लिहून दिलं, ‘करार संपेपर्यंत शिकवतो.’

लेकीने त्यांना ऑनलाइन व्हाइटबोर्ड शिकवला. पडद्यावर एकच मोठा फळा. सर त्यावर लिहिणार आणि मुलंही आपापल्या बाकावरून मोबाइलवर लिहिणार. पहिल्याच तासाला कुणीतरी त्यावर भलामोठा भोंगा काढला. सरांनी त्याखाली लिहिलं, ‘बिघडलाय. आता तुम्ही बोला.’ वर्ग आधी चपापला, मग हसला.

त्यांनी एक तुळई काढली, तिच्यावर भार ठेवला आणि विचारलं, पहिली भेग कुठे पडेल? बघता बघता तुळई रंगीत खुणांनी भरून गेली. कधी तोंड न उघडणारी मुलं हिरीरीने एकमेकांची उत्तरं खोडू लागली. चुकलेल्या खुणेपाशी सर नुसतं ‘का?’ लिहीत आणि थांबत. आयुष्यभर त्यांना असं थांबता आलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी बोलण्यासाठी ठेवलेल्या पाटीवर बायकोसाठी लिहिलं, ‘मुलं बोलतात गं.’

सहामाही परीक्षेनंतर करार संपला. तो वाढवायची विनंती घेऊन सर गेले, तर प्रमुख म्हणाले, “आता आराम करा, सर. तुमचे सगळे बोर्ड आहेतच की आमच्याकडे.” उत्तर लिहायला सरांनी पेन काढलं, तोवर प्रमुखांनी फोन उचलला होता.

त्यांच्या जागी त्यांचाच एक जुना विद्यार्थी आला. त्याच्या पहिल्या तासाच्या वेळी सरांनी घरून बोर्ड उघडला. उघडला खरा, पण त्यांना आता फक्त पाहायची मुभा होती. नवा शिक्षक त्यांचीच तुळई दाखवत होता. उपस्थितांमध्ये सरांचं नाव कुणाला तरी दिसलं असावं. तुळईखाली अक्षरं उमटली, ‘सर, तुम्ही आलात?’ पाठोपाठ दुसरी ओळ आली, ‘सर, त्या दिवशी माझं उत्तर का चुकलं?’

सर कीबोर्डची बटणं दाबत राहिले. काही उमटेना.

बायकोने मागून वाचलं. “अहो, सांगा ना त्याला.”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात नव्या शिक्षकाने दोन्ही ओळी पुसल्या आणि लिहिलं, ‘विषयाला धरून लिहा.’ पुढच्या तासापासून सरांना बोर्ड पाहताही येईना.

थोड्याच दिवसांत दुखणं पुन्हा उलटलं. शेवटी शेवटी ते पाटीही हातात घेत नसत. बायको काही विचारायची आणि त्यांच्या डोळ्यांवरून उत्तर ओळखायचा प्रयत्न करायची. बऱ्याचदा तिला ते जमायचं नाही.