उत्तर आल्याशिवाय पुसायचं नाही

देविदासनानांची आणि माझी पहिली भेट पाठमोरी झाली. धुळ्याहून बदली होऊन मी पारोळ्याच्या शाळेत मराठी शिकवायला आलो होतो. बाजारगल्लीत स्टुलावर चढून एक गृहस्थ भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर लिहीत होते. शेजारच्या गावात आदल्या दिवशी झालेल्या नाटकाची ती हकीकत होती : कोण गायलं, कोण चुकलं, ढोलकी कोणाची. मान वळवून ते म्हणाले, "काल तुम्हीही होतात तिथे. खाली लिहा." मी लिहिलं, 'कार्यक्रम उत्तम झाला.' नाना म्हणाले, "हे तर पंगतीबद्दलही लिहिता येतं, सर. तुम्हाला काय दिसलं ते लिहा." आमच्याच शाळेच्या या चित्रकला शिक्षकांनी माझी पहिली शिकवणी अशी भर बाजारात घेतली.

करणारे एकीकडे आणि पाहणारे दुसरीकडे, ही कलेतली फूट नानांना खुपत असे. जळगावच्या वर्तमानपत्रात आपल्या गावाचं गाणं छापून येत नाही आणि आलं तरी त्याला उलट उत्तर देता येत नाही, म्हणून त्यांनी हा फळा सुरू केला. नियम एकच होता. वरच्या मजकुराला खाली कोणीतरी उत्तर दिल्याशिवाय तो पुसायचा नाही. वहीत उतरवून ठेवू या, असं मी सुचवलं, तर ते म्हणाले, "वहीत गेलं की लोक यायचे थांबतात."

एकदा नानांनी, श्रावणात आमच्या खानदेशात घरोघरी बसवतात त्या कानबाई देवीच्या गाण्यांवर बराच जड मजकूर लिहिला. समोर भाजी विकणाऱ्या सखूअक्कांनी विचारलं, "नाना, हाई काय लिखेल शे?" नानांनी वाचून दाखवला. अक्का भडकल्या. "गानं आमनं, अन् आमले कोनी इचारंच नही! लिखा खाले." नानांनी ते वाक्य जसंच्या तसं, अक्कांच्या नावानिशी खाली लिहिलं. त्या श्रावणात कानबाई बसली तेव्हा ते अक्कांच्या ओसरीवर गाणी ऐकत बसले. पुढे बायाही फळ्यावर उत्तरं सांगू लागल्या.

मी काविळीने जळगावच्या दवाखान्यात पडलो होतो, तेव्हा नाना एस.टी.ने आले. तब्येतीची चौकशी दोन वाक्यांत उरकून त्यांनी अख्खा फळा मला तोंडपाठ म्हणून दाखवला, आणि शेजारच्या खाटेवरच्या भांडखोर आबांनाही. नाना निघेपर्यंत ते आबाही खाटेवरून फळ्याला उत्तरं देऊ लागले होते.

पुढचे दिवस लिहायला हात उचलत नाही. घरोघरी टीव्ही आले. 'वही' ही आमच्याकडची लोकगीतं गाणारी मंडळं एकेक करून बंद पडली. फळ्यावरचा मजकूर महिनोन्‌महिने तसाच राहू लागला. नाना मात्र रोज येत आणि अक्षरांना धक्का न लावता भोवतालची धूळ झटकत.

गेल्या वर्षी सखूअक्का गेल्या. कानबाईला निरोप द्यायचं एक गाणं त्यांनाच पूर्ण येत होतं. सुनेला अर्धंच आठवत होतं. नानांनी ते अर्धं गाणं फळ्यावर लिहिलं आणि खाली विचारलं, 'पुढचं कोणाला येतं?' पावसाच्या झडीने अक्षरं पुसट झाली की ते पुन्हा गिरवत. उत्तर येत नव्हतं.

आता जे लिहितो ते या गौरव अंकाच्या संपादकांनी कृपया कापू नये. नानांच्या अमृतमहोत्सवानिमित्त आपल्या गौरव समितीने त्यांच्या नकळत, एका रात्रीत तो फळा ऑइलपेंटने रंगवून घेतला आणि त्यावर सोनेरी अक्षरांत 'कलामहर्षी देविदासनाना' असं लिहून घेतलं. हे प्रेमापोटीच झालं, यात मला शंका नाही. पण प्रेमाबरोबर थोडी अक्कलही आली असती तर बिघडलं नसतं.

नानांनी फळा पाहिला. "अक्षर सुबक आहे," ते पेंटरला म्हणाले. मग खिशातून खडू काढून त्यांनी रेघ ओढून पाहिली. खडू नुसता घसरला.

"रंगवण्याआधी काय होतं इथे?" त्यांनी विचारलं.

"गानं व्हतं, नाना. अन् खाले कोनी तरी नवीन लिखेल व्हतं. वाकडंतिकडं अक्षर. मी बठ्ठं पुसी टाकं."

"काय लिहिलं होतं?"

"ध्यानमा नही, नाना."

नानांनी खडू परत खिशात ठेवला आणि ते घराकडे वळले. घरापर्यंत मी सोबत होतो. दारात ते म्हणाले, "सर, उत्तर आलं होतं." एवढंच. नानांचा इतका पडलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

सत्काराला शाल, श्रीफळ, मानपत्र सगळं होईल. माझी विनंती एवढीच की त्याआधी तो रंग खरवडून काढावा. आणि ज्यांनी कोणी ती ओळ लिहिली, त्या माउलीने किंवा भावाने पारोळ्याला पुन्हा एकदा यावं. नानांना उदंड आयुष्य लाभो, डोळे आणि हात धड राहोत, हे मागणं मी कानबाईकडे करतोच आहे. पण ते आयुष्य तुमची वाट पाहण्यात जाणार आहे, म्हणून जरा लवकर या. खडू नानांच्या खिशात आहे.