चाळीस पुऱ्या

ओव्याचा वास आला की मला जर्मनीतल्या आयफेल डोंगराळ भागातली ती सहल आठवते. पहिल्या सेमिस्टरला आम्ही वर्गातले दहाजण रोमन स्नानगृहाचे अवशेष आणि जवळचा जुना ज्वालामुखी बघायला गेलो होतो. सहलीला जाताना सगळ्यांपुरतं न्यायचं, हे आमच्या घरचं वळण. म्हणून आईला फोनवर विचारत मी पहाटे उठून चाळीस तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या. दुपारी पडक्या भिंतीवर बसून प्रत्येकानं आपापला ब्रेड काढला आणि निवांत खाल्ला, कुणी कुणाला विचारलं नाही. डबा उघडायला माझा हात धजेना. मग तो जड डबा पाठीवर घेऊन काळ्या मुरमाची चढण चढताना पाय भरून आले. "दगड भरलेस का बॅगेत?" मागून येणारी मुलगी म्हणाली. "हो, तसंच काहीतरी," मी म्हणालो. वर विवराच्या काठावर सगळे फोटो काढत होते आणि मी फक्त बसायला जागा शोधत होतो. परतीच्या ट्रेनमध्ये आईचा फोन आला. "पुरल्या का रे सगळ्यांना?" "पुरल्या," मी म्हणालो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून तिला इथलं सगळं सांगायचो. त्या दिवसापासून थोडं गाळून सांगायला लागलो, आणि आता तिला सगळं कसं सांगायचं तेच कळत नाही.