चन्नम्माचा खांदा आन् पेनाचा खराद

लोहारा गावात महांतप्पा खराद्याला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. निम्मं गाव त्यानं कातलेल्या खांबाच्या पाळण्यात झोपून मोठं झालं व्हतं. बाजंचं पाय, लाटणी, सगळं त्याच्या हातचं. पण खरं बोलायचं तर एकट्याच्या हातचं न्हाय. बायको चन्नम्मा समोर बसून वादी ओढायची. खरादावर आडव्या बसवलेल्या लाकडाला वादीचा वेढा, वादीची दोन टोकं तिच्या दोन मुठीत. उजवं टोक ओढलं की लाकूड महांतप्पाकडं फिरायचं, तवा तो पटाशी टेकवायचा. डावं ओढलं की उलटं फिरायचं, तवा उचलायचा. टेकव, उचल. लगीन झाल्यापासनं हेच.

त्यात तिचा उजवा खांदा गेला. सकाळी इभूत लावायची तर हात कपाळाकडं जायचा न्हाय, कपाळ हाताकडं यायचं. विचारलं तर म्हणायची, "देवापुढं मान वाकवली तर तुमचं काय जातंय?"

तेवढ्यात तिकडं विलायतेत लढाई पेटली आन् तिकडची पेनं यायची बंद झाली. शाळेच्या नारायणराव मास्तरांच्या पेनाचं टोपण फुटलं, ते महांतप्पानं शिसवीचं कातून दिलं. मास्तर खूश झाले. म्हणाले, "महांतप्पा, आख्खं पेनच करा की. निबा आणि पेनाच्या अंगाला लागणाऱ्या कडक काळ्या रबराच्या कांड्या सोलापुरात मिळतात. कचेरीतले कारकून टाक बुडवून बुडवून वैतागलेत, गिऱ्हाईक मी आणतो."

महांतप्पाच्या डोक्यात पेन कमी शिरलं, खांदा जास्त. वीतभर कांडी कातायची तर पायानं चालणारा खराद पुरंल. मग वादी ओढायला माणूस कशाला?

दोघं सोलापूरला गेली. आधी सिद्धेश्वराला हात जोडलं, मग रेवणसिद्ध शेठच्या जुन्या मशिनींच्या दुकानात शिरली. शेठनं दोन खराद दाखवलं. एक दांडगा, बाजूला बैलगाडीच्या चाकायेवढं चाक. दुसऱ्या माणसानं चाक फिरवायचं, ह्यानं कातायचं. त्यात पाळण्याचा खांबबी बसंल, पेनबी व्हईल. दुसरा खराद लहानगा, खाली पाय मारायची फळी, शिवणाच्या मशिनीवानी. वीतभराच्या वर त्यात काय बसायचं न्हाय.

"मोठाच घ्या," म्हणत चन्नम्मा चाक फिरवायला लागलीबी. खराद असा पळाला की महांतप्पाच्या तोंडाला पाणी सुटलं. चाक थांबलं. चन्नम्मानं घाम पुसला. म्हणजे पदर मुठीत धरला आन् तोंड खाली नेऊन त्यात पुसलं.

"लहान द्या," महांतप्पा शेठला म्हणाला.

"बेडा!" रागावली की तिला कानडीच सुचायचं. "नको म्हणजे नको! खांब कशावर कातणार? लोकांच्या पोरी बाळंत व्हायच्या थांबणार हायती व्हय?"

"बंडप्पा सुतार कातील."

"बंडप्पाचा पाळणा तिसऱ्या महिन्यात कुरकुरतोय."

"कुरकुरू दे. तुजा खांदा कुरकुरतोय त्यो मला रोज ऐकू येतोय."

शेठ मधी पडला. "मामा, आधी चालवून तर बघा."

महांतप्पानं कांडी बसवली, पाय मारला, पटाशी टेकवली. आन् उचलली. परत टेकवली, परत उचलली. खराद आपला एकाच बाजूनं पळतोय आन् ह्याचा हात वर-खाली. कांडीवर गांडुळाच्या अंगावानी वळ्या उठल्या.

शेठ पोट धरून हसला. "मामा, मशिनीला मुजरा करायलाव का? ती उलटी फिरत न्हाय, पटाशी धरूनच ठिवा!"

महांतप्पाला कळत व्हतं. हाताला कळत नव्हतं. तरीबी खराद त्यानं तोच घेतला. चन्नम्मा वाटभर त्या खरादाकडं पाठ करून बसली. नळदुर्गाच्या अलीकडं करोडगिरीच्या म्हंजे जकातीच्या नाक्यावर जवानानं गाडी थांबवली.

"ये क्या है जी?"

"कलम बनाने की मशीन, साहेब."

"कलम के वास्ते इत्ता लोहा?"

तवा चन्नम्मा वळली. "मेरेकू बी वोईच पूछना है."

घरी आल्यावर महांतप्पा रोज बसायचा आन् रोज कांड्या नासवायचा. हाताला शिव्या दिल्या, मनगट फडक्यानं गुडघ्याला बांधलं, तरी हात वर जायचाच. त्याला समोरच्या ओढीची सवय, आन् समोर तर कुणीच नव्हतं. कांड्या सरत आल्या. मास्तरांना काय तोंड दाखवायचं म्हणून त्यानं शाळंची वाटच सोडली.

"सरका," एक दिवस चन्नम्मा म्हणाली.

"तुला पटाशी धरता येती?"

"जल्मभर समोर बसून म्या दुसरं काय बघितलं? तुमचं तोंड?"

बसली. कोपर मांडीवर टेकवलं, खांद्याला कायबी तोशीस न्हाय. पाय मारला, पटाशी टेकवली आन् टेकवूनच धरली. तिच्या हाताला उचलायचं ठाऊकच नव्हतं! काळा कीस लांबच लांब, तुटल्याबिगर तिच्या वटीत पडत राह्यला. कांडी चिंचोक्यावानी गुळगुळीत झाली. महांतप्पानं ती चारदा हातात फिरवली आन् चारीदा "आगं!" एवढंच म्हणाला.

मग राह्यलं टोपण फिरवून बसवायचे आटे पाडायचं काम. ते हातानंच. आटे पाडायचा खिळा अर्धा वेढा पुढं न्यायचा, थोडा मागं घ्यायचा, न्हायतर रबर गच्च धरतं. पुढं, मागं. पुढं, मागं. महांतप्पाच्या हाताला दुसरं काय येतच नव्हतं. पहिल्याच झटक्यात टोपण असं बसलं की शाईचा थेंब भाईर येईना.

मास्तरांनी पेन उघडलं, कागदावर चालवून बघितलं. "हे कुणाच्या हातचं?"

"अंग तिच्या हातचं, आटे माझ्या हातचं."

गावात लोक म्हणाले, महांतप्पा बायकोच्या हाताखाली गेला. त्यानं सरळ सांगितलं, "व्हय, गेलो. इतकी वर्सं ती माझ्या हाताखाली व्हती तवा का न्हाय बोललाव?" 

पाळणं आता बंडप्पाकडं जात्यात. शेजारी त्यातला एक कुरकुरला की चन्नम्मा खराद थांबवून नवऱ्याकडं बघती, आन् तो मान खाली घालून आटे पाडतो. सकाळी इभूत लावताना मात्र तो गुपचूप बघत असतो. हात आता भुवईपतुर पोचतोय. राह्यलेली दोन बोटं कपाळ खाली येतंय.