डाव्या हातातला कोयता

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला, जव्हारच्या एका छोट्या संग्रहालयात, माझ्या आईने काचेमागच्या लाकडी फळीवर आपला मेलेला भाऊ ओळखला.

संग्रहालय दोन खोल्यांचं आहे. निवृत्त शिक्षक आणि कारकून ते हौसेने, पाळीपाळीने चालवतात. आई, बायको आणि मी असे तिघं मोखाड्याहून लग्नाच्या साड्या घ्यायला जव्हारला आलो होतो. पोशेऱ्याला मामेभावाचं लग्न चार दिवसांवर होतं. संग्रहालयात जायची कल्पना बायकोची. तिथे वर्तमानपत्रात आलेली माझी एक बातमी फ्रेम करून लावलेली होती, ती तिला सासूला दाखवायची होती. आईला वाचता येत नाही.

आमच्याकडे अवेळी गेलेल्या माणसाचा वीर बसवतात. म्हणजे सागाची फळी कोरून शिवेवर उभी करतात. माणूस कोणीही असो, फळीवर तो घोड्यावर बसलेला असतो, वर चंद्र-सूर्य. घरात लग्न निघालं की आधी वीराला शेंदूर लावायचा, मग नवऱ्याला हळद. मामा राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडताना ऐनाच्या झाडावरून पडून गेला तेव्हा त्याचा मुलगा रांगत होता. त्याच मुलाचं आता लग्न होतं. मामाची फळी दोन वर्षांपूर्वी शिवेवरून नाहीशी झाली होती. ते मला माहीत होतं.

आई काचेला नाक लावून उभी राहिली.

"हा माझा भाऊस हाये."

त्या दिवशी कामावर असलेले गुरुजी हसले. "आजी, हा शिवकाळातला घोडेस्वार. महाराजांचा मुक्काम झाला त्या शिरपामाळच्या उतारावर मिळाला. तुमच्या भावाकडे घोडा होता का?"

"बैल होता. एकच."

"मग घोड्यावर कधी बसला?"

"मेल्यावर बसला."

बायकोला हसू आलं. गुरुजींनी छडीने काचेवर टकटक केलं. "हातात तलवार बघा."

"कोयता हाये. डाव्या हातात हाये ना? डावखुरा होता तो. सुताराला मीच सांगितलं, डाव्या हातात दे." मग तिने विचारलं, "शेंदूर कुठं गेला त्याचा?"

"रॉकेलने घासून काढला. दोन दिवस लागले आम्हाला. बोटभर थर होता, त्याशिवाय कोरीव काम दिसलंच नसतं."

लहानपणी पोशेऱ्याला मी ती फळी पाहिली होती. तेव्हा शेंदराखालून घोड्याचे पाय तेवढे दिसत.

"आजी, हे छापून आलंय," गुरुजींनी भिंतीवरची फ्रेम दाखवली. "तुमच्या चिरंजीवांनीच लिहिलंय."

आई माझ्याकडे वळली. "तू लिहिलंस? काय लिहिलंस?"

मी मथळा वाचून दाखवला: शिरपामाळला शिवकालीन वीराची फळी सापडली.

"कोणाला इचारलंस?"

"गुरुजींना."

"पोशेऱ्यात?"

"नाही."

त्या बातमीनंतर माझं तालुक्याचं काम सुटून मला जिल्ह्याचं काम मिळालं होतं.

आईने कनवटीची शेंदराची पुडी काढली. फळी नाही तर नाही, तिच्या जागेवर तरी वाहू, म्हणून तिने ती सकाळी घेतली होती. "काच उघडा. बोटभर लावते नि जाते."

"वस्तूंना हात लावता येत नाही," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला आणि मला बाजूला घेतलं. "हे बघा, आम्ही चोर नाही. एकाने शिरपामाळला सापडली म्हणून आणून दिली, आम्ही ठेवली. बातमी चुकली असं तुमच्या सहीने लेखी द्या. चार ओळी पुरे. फळी आत्ता उचलून न्या. जीपच्या टपावर मी स्वतः बांधून देतो."

त्यांनी कागद आणि पेन टेबलावर ठेवलं. आई टेबलाशी येऊन उभी राहिली.

"कार्यालयात विचारावं लागेल," मी म्हणालो.

विचारावं लागणार नव्हतं.

मोखाड्याच्या जीपमध्ये आई पुडी मुठीत धरून बसली होती. बायको म्हणाली, "इतरांच्या चुका छापायला तुम्हाला चार ओळी लगेच सुचतात." चालकाने आरशातून पाहिलं.

बुधवारी पोशेऱ्याच्या शिवेवर, फळीच्या रिकाम्या खड्ड्यात शेंदूर वाहिला गेला. नवऱ्याला पहिली हळद आत्याने लावायची असते. आई पाटापर्यंत गेली. नवरा मान खाली घालून बसला होता. तिने वाटी शेजारणीच्या हातात दिली आणि मांडवाबाहेर गेली.

फळी काचेमागे आहे. पाटीवर 'डाव्या हातात तलवार' असं लिहिलेलं आहे. बातमी शेजारच्या भिंतीवर आहे. मी लेखी दिलेलं नाही.